सायलेन्सर बदलला आणि ठकठक मागे लागली: वाचकांचे प्रश्न

यावेळच्या टपालात बाहेरचा सायलेन्सर बसवल्यानंतरच्या आवाजांचीच पत्रं जास्त आहेत, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो आणि आज सगळी जागा सायलेन्सरला देतो. पहिली दोन उत्तरं लांबली आहेत, पण ती वाचल्यावर पुढची सोपी जातील.

प्रश्न: सर नमस्कार. माझी २०१५ ची बोलेरो पिकअप आहे, टोमॅटो-कोबी घेऊन माळशेज घाटातून वाशी मार्केटला जात असतो. जुना सायलेन्सर सडून गळायला लागला, कंपनीचा महाग पडत होता म्हणून बाहेरचा बसवला. सुरुवातीला काहीच त्रास नव्हता, आता गाडी खड्ड्यात आदळली की खालून ठण् असा आवाज येतो आणि घाटात पहिल्या-दुसऱ्या गियरला काहीतरी खर्रर्र करून घासतं. ठण् आवाज रिकाम्या गाडीला जास्त, लोडला कमी. बसवणाऱ्याने आधी क्लॅम्प अजून आवळून दिले, तरी फरक पडेना म्हणून जाड तारेने सायलेन्सर चेसिसला बांधून टाकला. आता ठण् कमी आहे पण सगळी केबिन घुमते, डोकं दुखायला लागतं. काय करावं? (एक वाचक, नारायणगाव)

दादा, आधी ती तार काढा. हे उत्तर वाचून झाल्यावर नाही, आजच काढा.

सायलेन्सर लटकवायची वस्तू आहे, बांधायची नाही. त्याचं पुढचं टोक इंजिनला घट्ट बोल्ट केलेलं असतं आणि इंजिन स्वतः रबरी माउंटिंगवर हलत असतं, म्हणजे इंजिन जेवढं हलणार तेवढा पाइपही हलणार. मागचा भाग रबरावर टांगलेला असतो तो त्यासाठीच, की पाइप हलला तरी चेसिसला धक्का पोचू नये. तुमच्या माणसाने तार बांधून रबराचं कामच बंद करून टाकलं, आता इंजिनची प्रत्येक थरथर सरळ चेसिसमध्ये आणि तिथून केबिनमध्ये जातेय, डोकं दुखतं ते त्यामुळे. आणि केबिन घुमण्यावरच थांबलं तर नशीब म्हणायचं, कारण अशा बांधलेल्या पाइपची पुढची फ्लँज (बोल्टने जोडायची चकती) नाहीतर वेल्डिंगचा जोड काही दिवसांनी तडकतो, धूर केबिनखालीच बाहेर पडायला लागतो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. घाटात काचा लावून बसलेल्या ड्रायव्हरला काही कळायच्या आत गुंगी येते.

दुसरी गोष्ट उष्णतेची, जी बाहेरचा सायलेन्सर बसवणारे बरेचजण धरतच नाहीत. लोखंड तापलं की लांब होतं हे शाळेत शिकलोय, पण किती? तीन मीटरचा साधा लोखंडी पाइप ३०० अंशांनी तापला तर जवळजवळ ११ मिलिमीटर लांब होतो, म्हणजे सेंटीमीटरपेक्षा जास्तच. पुढचं टोक तर पक्कं आहे, मग हा सगळा वाढावा मागेच सरकणार. गॅरेजमध्ये थंड गाडीखाली बोटभर जागा दिसते म्हणून कारागीर खूश, आणि घाट चढून आल्यावर तीच जागा संपलेली असते.

आता तुमचे दोन आवाज. हे एकच दुखणं समजू नका, दोन वेगळ्या जागांचे दोन वेगळे आवाज आहेत असं तुमच्या वर्णनावरून वाटतं.

ठण् आवाज रिकाम्या गाडीला जास्त येतो, ही मोठी खूण तुम्ही स्वतःच लिहिलीत. पाइप मागच्या हौसिंगवर, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या लोखंडी खोळीवर आपटत असता तर उलट झालं असतं, लोड भरल्यावर पाटे दबतात, चेसिस खाली येते, हौसिंग पाइपच्या जवळ येतं आणि तेव्हा जास्त वाजलं असतं. रिकामी पिकअप मात्र खड्ड्यात दगडासारखी उडते आणि सायलेन्सरचा डबा रबरांवर झोका घेऊन वरच्या क्रॉस मेंबरला (चेसिसच्या आडव्या पट्टीला) किंवा हौद्याच्या तळाला जाऊन आपटतो. सुरुवातीला वाजत नव्हता म्हणजे तेव्हा रबरं नवी आणि ताठ असणार, नंतर ती बसली, किंवा एखादं फाटलं, नाहीतर तापून-निवून क्लॅम्प ढिला झाला आणि डबा जागेवरून फिरला.

एक मात्र आधी तपासून घ्या, की ठण् सायलेन्सरचाच आहे ना. रिकाम्या पिकअपमध्ये पाट्यांच्या क्लिपा ढिल्या असल्या, शॅकलचे (पाट्याच्या टोकाच्या झुलत्या कडीचे) बुश गेले असले किंवा शॉकअपची रबरं संपली असली तरी अगदी असाच आवाज येतो आणि लोक उगाच सायलेन्सरच्या मागे लागतात. गाडी पूर्ण थंड झाल्यावर सायलेन्सरचा डबा हाताने धरून वर-खाली, डावी-उजवीकडे जोर लावून हलवा. तुमचा तो ओळखीचा आवाज हातानेच निघाला तर प्रश्न मिटला, नाही निघाला तर आधी पाटे बघा.

खर्रर्र पहिल्या-दुसऱ्या गियरला, चढावर, जोर लावल्यावर येतो. जोर लागला की इंजिन माउंटिंगवर एका बाजूला पिळतं आणि त्याच्याबरोबर पुढचा पाइपही फिरतो. म्हणजे घासायची जागा पुढच्या भागात, बेल-हाउसिंगजवळ (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या क्लचच्या खोळीजवळ) किंवा पहिल्या क्रॉस मेंबरपाशी शोधायची, मागे नाही. आणि इंजिन माउंटिंगची रबरंही बघा, २०१५ ची गाडी आहे, ती मूळचीच असतील तर गेलीच असणार, मग इंजिन नेहमीपेक्षा जास्त पिळतं आणि दोष मात्र नव्या सायलेन्सरला जातो. बघायची पद्धत अशी: सपाट जागा, चाकांना पुढे-मागे दगड, हँडब्रेक ओढलेला, केबिनमध्ये जाणता माणूस बसवा, त्याने पहिला गियर टाकून ब्रेक दाबून क्लच किंचित सोडायचा आणि लगेच दाबायचा, मग तेच रिव्हर्सला. तुम्ही बॉनेट उघडून बाजूला उभे राहा, इंजिन किती उचलतं ते दिसेल. गाडीसमोर, मागे किंवा खाली कोणी असता कामा नये, हे लिहायची गरज पडू नये पण पडते.

नेमकी जागा शोधायला मला सगळ्यात आवडणारी युक्ती कणकेची. पाइप जिथे जवळ वाटतो तिथे चेसिसच्या बाजूला, पाइपवर नाही, कणकेचा छोटा गोळा चिकटवायचा आणि खराब रस्त्याने एक चक्कर मारून यायची. गोळा दबून पातळ झाला की तिथे पाइप येऊन गेला, किती जवळ आला तेही गोळ्याच्या जाडीवरून समजतं. नाहीतर नुसतं बॅटरी घेऊन खाली बघा, घासलेल्या जागी गंज उडून लोखंड चांदीसारखं चमकत असतं.

जागा सापडली की दुरुस्ती फार अवघड नाही, फक्त घाई करायची नाही. गाडी जॅक स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर खाली झोपू नका. सायलेन्सरखाली दुसरा छोटा जॅक लाकडाचा ठोकळा ठेवून लावा, मग पुढून मागेपर्यंत सगळे क्लॅम्प आणि जोड ढिले करा, सगळे म्हणजे सगळे, एक घट्ट ठेवून बाकी हलवलं तर पाइप पिळलेलाच राहतो. आता पाइप फिरवून, पुढे-मागे करून अशा जागी आणा की आजूबाजूला निदान पाऊण ते एक इंच मोकळी जागा राहील, आणि ब्रेकचा पाइप, वायरिंग, डिझेलची नळी, टायर यांच्यापासून त्याहून बरीच जास्त. मग पुढून सुरुवात करून मागे मागे आवळत जा. मागून सुरुवात केली की सगळी चूक पुढे ढकलली जाते आणि शेवटी फ्लँजवर ताण येतो. रबरं सगळी एकदम बदला. जुनी-नवी मिसळली की ताण नव्यावर येतो. ती हँगरच्या गजावर चढत नाहीत म्हणून ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावायची सवय आहे आपल्याकडे, ते करू नका, तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं. साबणाचं पाणी लावा, सटकन चढतं.

तरीही डबा वरच लागत असेल तर मग हँगरचा गजच चुकीच्या जागी वेल्ड केलेला आहे, बाहेरच्या सायलेन्सरमध्ये हे सर्रास असतं, कारण एकच डबा तीन-चार गाड्यांना चालतो म्हणून विकतात. थोडासा फरक असेल तर गज तिथल्या तिथे वाकवून भागतं, जास्त असेल तर कापून नव्या जागी वेल्ड करून घ्यावा लागतो. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, वेल्डिंग मशीनची अर्थिंग वेल्डिंगच्या अगदी शेजारी पाइपलाच लावा, चेसिसच्या दुसऱ्या टोकाला नको, नाहीतर करंट बेअरिंगमधून आणि वायरिंगमधून वाट काढत जातो. सगळ्यात बरं म्हणजे डबा खाली काढून बाकावर वेल्ड करणं, डिझेलच्या टाकीशेजारी ठिणग्या उडवायची हौस कशाला? पाइपला हातोडीने खळगा पाडून जागा करायची पद्धतही आहे, अगदी किरकोळ खळग्याने काही बिघडत नाही, पण पाइप चपटा झाला की धूर अडतो, गाडी ओढत नाही आणि डिझेल जास्त खाते.

काम झाल्यावर दोन-चार फेऱ्या झाल्या की गाडी थंड असताना सगळे क्लॅम्प पुन्हा एकदा तपासा. जोडांवर काळी काजळी दिसली तर तिथून गळतंय.

प्रश्न: मी मूळचा अकोल्याचा, सध्या टेक्सासमध्ये ह्यूस्टनजवळ राहतो. माझ्याकडे २०१८ ची फोर्ड एफ-१५० आहे, ५.० व्ही-८, चार दारांची केबिन, साडेपाच फुटी हौदा. घरच्या गॅरेजमध्ये मी स्वतः मित्राच्या मदतीने कॅट-बॅक किट, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (कॅटच्या) मागचा सगळा पाइप-सायलेन्सर बसवलं, ३०४ स्टेनलेस, कंपनीच्या पाइपपेक्षा अर्धा इंच जाड. आवाज छान आहे, पण हायवेला अर्धा तास गेल्यावर मागे कुठेतरी घासल्यासारखं वाजतं आणि पार्किंगमध्ये रिव्हर्स टाकला की ठक्. थंड असताना घासणं बिलकुल नाही. मागच्या दोन्ही रबरांचा फोटो जोडला आहे, ती मला थोडी तिरकी वाटतात. पाइप सूचनापत्रकाप्रमाणे मोजून कापला होता. इथल्या दुकानात नेऊ की घरीच जमेल? (एक वाचक, टेक्सास)

घरीच जमेल, आणि उत्तर तुमच्या फोटोतच आहे.

फोटोत गाडी थंड आहे आणि मागची दोन्ही रबरं मागच्या बाजूला झुकलेली आहेत, म्हणजे त्यांचं खालचं टोक बंपरकडे गेलंय. थंड गाडीत हे उलटं हवं, रबर सरळ उभं किंवा किंचित पुढे झुकलेलं पाहिजे, म्हणजे पाइप तापून मागे वाढला की ते बरोबर उभं राहतं. तुमचा पाइप थंड असतानाच मागे आहे, तापल्यावर अजून मागे जातो, रबराला अजून ताण घ्यायला जागाच उरत नाही आणि पाइप कशाला तरी टेकतो. मी पैज लावत नाही, पण हँगरचा ब्रॅकेट किंवा खाली टांगलेल्या स्टेपनीचा टायर, यातलं एक असणार. टायरला लागत असेल तर तो तसाच सोडू नका, गरम पाइप आणि रबर यांची मैत्री बरी नाही.

३०४ स्टेनलेसचं एक लक्षात घ्या, ते साध्या लोखंडापेक्षा आणि कंपन्या बहुतेक वेळा वापरतात त्या ४०९ स्टेनलेसपेक्षा जवळजवळ दीडपट जास्त वाढतं. वर नारायणगावच्या दादांना सांगितलेला हिशोब इथे केला तर तीन मीटरला ३०० अंशांत ११ ऐवजी १५ मिलिमीटर. शिवाय पाइप अर्धा इंच जाड, म्हणजे प्रत्येक बाजूने पाव इंच जागा आधीच खाल्ली गेली. कंपनीने सोडलेली मोकळी जागा कंपनीच्या पाइपसाठी होती, तुमच्यासाठी नव्हती. (किट खरंच ३०४ चं आहे का ते लोहचुंबक लावून बघा, ४०९ ला चुंबक चिकटतं, ३०४ ला जवळजवळ नाही. जाहिरातीत सगळेच ३०४ असतात.)

एवढा मागे गेला कसा? तुमची गाडी १४५ इंची व्हीलबेसची, साडेसहा फुटी हौद्याची हीच केबिन १५७ इंचांची, आणि बरेच किटवाले दोन्हीला एकच संच देऊन कुठे तुकडा जोडायला सांगतात, कुठे कापायला. मोजताना एकाने पाइपच्या टोकापासून मोजलं आणि दुसऱ्याने जोडाबाहेर दिसणाऱ्या भागापासून, की एका इंचाचा फरक पडलाच. दुसरी शक्यता अशी, की एकात एक घुसणारे जोड पूर्ण आत गेलेलेच नाहीत. हे जोड साधारण दीड ते दोन इंच आत जायला हवेत. प्रत्येक जोडावर कायमच्या मार्करने आत किती गेलंय त्याची खूण करा म्हणजे पुढे अंदाजावर राहावं लागणार नाही. जोडांमध्ये अजून जागा असेल तर सगळं ढिलं करून पाऊण-एक इंच पुढे ढकला, नसेल तर पुढच्या सरळ तुकड्यातून तेवढा कापा. वाकलेल्या भागात अजिबात कापू नका, जोड कधीच नीट बसणार नाही.

कापायच्या आधी मात्र गाडी कशी उभी आहे ते बघा. घरी तुम्ही बहुतेक चेसिसला स्टँड लावून मागची चाकं लोंबकळत ठेवली असतील, तेव्हा ॲक्सल खाली गेलेला असतो आणि ॲक्सलवरून जाणाऱ्या पाइपला भरपूर जागा दिसते. गाडी चाकांवर आली की तीच जागा निम्मी. शेवटची जुळवाजुळव नेहमी चाकांवर वजन असताना करा, रॅम्पवर चढवून, किंवा स्टँड ॲक्सलखाली लावून. बोट किंवा ट्रेलर ओढत असाल, मागे हवेचे फुगे बसवले असतील, तर भरलेल्या गाडीतही एकदा खाली डोकावा.

यू-बोल्टचे क्लॅम्प आले असतील तर ते काढून रुंद पट्टीचे क्लॅम्प घ्या, हे माझं ठाम मत. यू-बोल्ट पाइपला चावतो, एकदा चावला की जोड ना फिरतो ना सुटतो, आणि तुम्हाला तर पुन्हा ढिलं करून जुळवायचंय. पट्टीवाला सगळीकडून सारखा आवळतो. किती आवळायचं ते किटच्या कागदावर फूट-पौंडात लिहिलेलं असतं, तेवढंच आवळा.

रिव्हर्सचा ठक् वेगळा ठेवा. रिव्हर्समध्ये इंजिन उलट्या बाजूला पिळतं, पुढचा पाइप गिअरबॉक्सच्या क्रॉस मेंबरला लागत असेल तर तो तेव्हाच वाजेल. पण मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या शाफ्टच्या क्रॉस जॉइंटमध्ये ढिलाई असली तरी रिव्हर्स टाकताना हुबेहूब असाच ठक् होतो. इंजिन बंद, चाकांना अडणी लावून, गिअर न्यूट्रलला घेऊन शाफ्ट हाताने पिळून बघा, मोकळा फिरून मग ठक् करत असेल तर बिचाऱ्या किटचा त्यात काही संबंध नाही. किट बसवायच्या आधीही हा ठक् होता का, हे तुमच्या शेजारी बसणाऱ्या माणसाला विचारा, आपल्याला स्वतःच्या गाडीचं खरं आठवत नसतं.

टेक्सासमध्ये २०२५ च्या सुरुवातीपासून खासगी गाड्यांची वार्षिक सेफ्टी तपासणी बंद झालीय, ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीसारख्या ठिकाणी धुराची तपासणी तेवढी राहिली. म्हणजे पाइप ब्रेकच्या लाइनला घासतोय हे दुसरं कोणी तुम्हाला सांगणार नाही. पुढे पाइपला हात घालायचा मोह झाला तर कॅटच्या मागेच थांबा, कॅटला हात लावणं तिथल्या केंद्रीय क्लीन एअर ॲक्टमध्ये बसत नाही. एवढं करूनही जमलं नाही तर जवळच्या मफलरच्या दुकानात जा, हँगर कापून नव्याने लावणं त्यांचं रोजचं काम आहे.

प्रश्न: माझा छोटा हत्ती आहे, मीच चालवते, मिरजेत दुकानांना माल पोचवते. सायलेन्सर बदलल्यापासून गाडी उभी असताना आणि मग एका ठरावीक वेगाला पत्रा वाजल्यासारखं घर्रर्र होतं, वेग वाढवला की गायब. तीन जणांनी तीन कारणं सांगितली. (एक वाचक, मिरज)

ताई, एका ठरावीक वेगालाच वाजतं आणि पुढे गायब होतं, म्हणजे कुठला तरी हलका पत्रा त्याच कंपनावर नाचतोय. पाइप आपटत असता तर खड्ड्यात वाजला असता. तुमच्या गाडीत दोन सिलेंडरचं इंजिन असेल तर ते मुळातच उभ्या गाडीत जास्त थरथरतं, त्यामुळे ढिलं काही असलं की आधी तेच बोलतं.

गाडी थंड असताना पाइपभोवतीच्या उष्णता अडवणाऱ्या पत्र्यावर मुठीने ठोका. खुळखुळला तर त्याचा बोल्ट सडलाय किंवा सायलेन्सर बदलताना परत लावलाच नाही. पाण्याच्या नळीला लावतात तशी मोठी स्टीलची पट्टी-क्लिप पत्र्यावरून पाइपभोवती आवळली की काम झालं, स्वस्तातलं आणि टिकाऊ. पत्रा काढून फेकून देऊ नका, आवाज थांबेल पण शेजारची वायरिंग भाजेल.

पत्रा ठीक निघाला तर डब्यावर लाकडाने ठोका. आत काही खडखडलं तर आतली जाळी किंवा पडदे सुटलेत, त्यावर बाहेरून इलाज नाही, दुकानदाराकडून डबा बदलून घ्या, बिल जपून ठेवलं असेल अशी आशा करतो.

प्रश्न: सायलेन्सरची रबरं वारंवार तुटतात म्हणून आमच्याकडे सगळे जुन्या टायरच्या पट्ट्या कापून लावतात. चालतं का? (एक वाचक, बार्शी)

रस्त्यात रबर तुटलं आणि पाइप घासत चाललाय, अशा वेळी गाडी घरी आणायला चालतं, कायमचं नाही. रेडियल टायरच्या पट्टीत तारा असतात, ती ताठ असते, कंपन अडवत नाही आणि तारा गंजून बाहेर आल्या की गज कापायला लागतात. कन्व्हेअर बेल्टचा कापडी थरांचा तुकडा दोन बोल्टांनी लावलेला त्यापेक्षा बरा, लॉऱ्यांना तसं लावलेलं पुष्कळ दिसतं, फक्त मागच्या थंड भागाला, इंजिनजवळ नाही. पण वारंवार का तुटतंय ते बघा ना. एकच रबर पुन्हा पुन्हा तुटत असेल तर सगळं वजन त्या एकावरच आलंय, बाकीचे हँगर नुसते शोभेला आहेत. नाहीतर इंजिन माउंटिंग गेलेलं असतं.

प्रश्न: बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांच्या) गाडीचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी पकडणारा फिल्टर काढून सरळ पाइप टाकून देतो, सेन्सरचंही बघतो, ॲव्हरेज वाढेल असं एकाने सांगितलंय. तसंही त्याचा ब्रॅकेट तुटून तो वाजतोच आहे. टाकू का? (एक वाचक, नगर रोड, पुणे)

नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू आहे, डीपीएफ त्या मान्यतेचा भाग आहे. तो काढला तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत असा बदल करू देत नाही आणि कलम १९०(२) प्रमाणे पहिल्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स जाऊ शकतं. सेन्सरचं "बघतो" म्हणणारा माणूस पासिंगच्या दिवशी तुमच्याबरोबर आरटीओत येणार नाही.

वाजतोय त्याचं मात्र लगेच बघा, आणि हे वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. डीपीएफ जड असतो, त्याच्या पुढे-मागे दाब मोजणाऱ्या बारीक नळ्या आणि तापमानाचे सेन्सर असतात, ब्रॅकेट तुटल्यावर त्याचं वजन त्यांच्यावर आणि फ्लँजवर येतं. आणि आतली काजळी जाळताना त्याच्यात साधारण ५५० ते ६०० अंश तापमान जातं, त्यामुळे जे काही त्याला टेकलं असेल ते जळणारच. मूळ ब्रॅकेट आणि मूळ रबर घ्या, स्वस्तातलं इथे परवडत नाही.

प्रश्न: गाडी बंद केल्यावर नव्या सायलेन्सरमधून दहा मिनिटं टिक्-टिक् आवाज येत राहतो. काही बिघडलंय का? (एक वाचक, चिपळूण)

काही नाही, तापलेला पाइप निवताना आकसतोय, जुन्याचाही येत असणार, तेव्हा तुम्ही लक्ष देत नव्हतात. फक्त त्या दहा मिनिटांत गाडी वाळलेल्या गवतावर उभी करू नका.